शाळेला कुलूप लागलं की लेकरू कुणाकडं?

(ऐकायला वेळ नसेल तर वाचा. एपिसोडमध्ये जे बोलले तेच इथं आहे. मधले "म्हणजे", "अं" आणि मागं भुंकणारं कुत्रं तेवढं काढलंय.)

इअरफोन नीट लावलेत ना? आज सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारते. मार्च २०२० मध्ये तुम्ही कितवीत होता? आणि त्या दिवसांत तुमच्या घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू दिवसभर कुणाकडं असायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "माझ्याकडं" असेल, तर आजचा एपिसोड तुमचाच आहे. माझंही उत्तर तेच आहे.

मी कळंब तालुक्यातली. तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता, आता धाराशिव. मी नववीत होते. आई गावात आशा कार्यकर्ती. अप्पा कळंबच्या मोंढ्यात मापाडी. धाकटा भाऊ पाच वर्षांचा, सगळे त्याला बाळ्या म्हणतात. (तो आता अकरा वर्षांचा आहे आणि हे नाव रेकॉर्डिंगमध्ये घेऊ नको असं त्यानं बजावलंय. सॉरी बाळ्या.) मार्चच्या मध्यावर आधी शहरातल्या शाळा बंद झाल्या, मग चार-दोन दिवसांत आमच्याकडच्याही. २५ तारखेपासून सगळा देशच बंद. पहिल्या आठवड्यात आम्ही खूश होतो, खोटं कशाला बोलू.

त्या काळात टीव्हीवर एक शब्द सारखा ऐकू यायचा, वर्क फ्रॉम होम. लॅपटॉप मांडीवर, मागं मूल रडतंय, साहेब स्क्रीनवर. त्यावर विनोद झाले, मालिका झाल्या. आता मला सांगा, मापाडी घरून सोयाबीन कसं मोजणार? एसटीचा कंडक्टर घरून तिकीट कसं फाडणार? खुरपायला जाणारी बाई रान घरी आणणार का? आणि माझ्या आईचं काम तर घरातून नव्हतंच, घरोघरी होतं. अख्ख्या देशाला सांगितलं होतं, दारं लावून बसा. आईला सांगितलं होतं, त्या प्रत्येक दारात जाऊन विचार, ताप आहे का, खोकला आहे का, पुण्या-मुंबईहून कोण आलंय का.

तुम्ही म्हणाल, आज्जी होती की. होती. पण ६५ वर्षांवरच्या माणसांना जपा असं सांगणं होतं, आणि आई रोज बाधित असतील-नसतील अशा घरांतून फिरून यायची. म्हणून आज्जीला चुलत्याकडं ठेवलं. ज्या घरातली बाई आरोग्याच्या कामावर, त्या घराचा सांभाळायचा पहिला हात असा आधीच निघून गेला. राहिले कोण? मी.

सप्टेंबर २०२० ची गोष्ट सांगते. तोवर मी दहावीत गेले होते. १५ सप्टेंबरपासून राज्यात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम सुरू झाली, तुम्हाला आठवत असेल. एका पथकानं दिवसाला ५० घरं करायची. प्रत्येकाचा ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि सगळं ॲपमध्ये भरायचं. ॲप म्हणजे फोन. आणि आमच्या घरात चांगला फोन एकच. त्याच फोनवर माझे दहावीचे तास, त्याच फोनवर बाळ्याच्या पहिलीच्या बाईंचे व्हिडिओ. प्रथम संस्थेच्या "असर" अहवालात २०२१ चा एक आकडा आहे: देशातल्या ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. छान वाटतं ऐकायला. पण त्याच अहवालात पुढं आहे की घरी फोन असलेल्यांपैकी २६ टक्के मुलांना तो हातातच मिळत नव्हता. का मिळत नव्हता, हे आमच्या घरात रोज सकाळी आठ वाजता दिसायचं. फोन कामाला जायचा.

त्या दिवशी माझी बीजगणिताची चाचणी होती, म्हणून आई फोन ठेवून गेली. घरं रजिस्टरमध्ये लिहून आणते, रात्री ॲपमध्ये भरते म्हणाली. रेंज फक्त माळवदावर. मी बाळ्यासाठी गॅसवर दूध ठेवलं आणि तेवढ्यात लिंक आली. दोन मिनिटांत येते म्हणून वर पळाले. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. त्यानं पातेलं ओढलं. दूध डाव्या पायावर. किंचाळी ऐकून मी खाली आले तोवर शेजारच्या काकू त्याच्या पायावर तांब्यानं पाणी ओतत होत्या.

आई पाचला आली. पाय बघितला, मलम लावलं. मला एक शब्द बोलली नाही. रात्री जेवून ती रजिस्टर उघडून बसली आणि ५० घरं फोनमध्ये भरली. सकाळी निघताना एवढंच म्हणाली, "गॅस लावू नकोस. भूक लागली तर शेंगा-गूळ दे."

मागच्या दिवाळीत मी तिला त्या दिवसाबद्दल विचारलं. म्हणाली, "तवा मला तुझाच राग आलता. मग कळलं, तू काय त्याची आई होतीस व्हय?"

असो. पाय बरा झाला, डाग आहे अजून. माझी दहावीची परीक्षाच झाली नाही. २०२१ चा निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला, त्यात नववीच्या गुणांना निम्मं वजन होतं. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. मी त्या ९९.९५ मध्ये आहे. बीजगणित मात्र मला बारावीपर्यंत नडलं.

आता मूळ मुद्द्याकडं येते. इतकी वर्षं आपण या सगळ्याला "शिक्षणाचं नुकसान" म्हणत आलो. ते झालंच. भारतात शाळा पूर्ण किंवा अर्धवट बंद राहिल्या तो काळ युनेस्कोच्या मोजणीत ८२ आठवडे भरतो, जगातल्या सगळ्यात लांब बंदांपैकी एक. पण शाळा दोन कामं करते. एक, शिकवते. दुसरं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गावातली सगळी लेकरं एका भिंतीच्या आत, एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवते आणि दुपारी जेवायला घालते. पहिलं काम बंद पडलं तेव्हा त्याला पर्याय शोधले. टीव्ही, ॲप, व्हॉट्सॲप ग्रुप. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" असा उपक्रमच होता. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी "टिलीमिली" सुरू झालं, आणि खरं सांगते, ते चांगलं होतं. बाळ्या मन लावून बघायचा. पण त्यातल्या कृती करून घ्यायला शेजारी कोणीतरी मोठं बसलेलं लागायचं. शिक्षण घरी पाठवता आलं. दुपारी घरी पोचवलेला तांदूळसुद्धा चालला. पण नजर कशी पाठवणार? दुसऱ्या कामाला पर्याय कुणी शोधलाच नाही, कारण ते काम शाळा करते हे कुठं लिहिलेलंच नव्हतं.

शाळा परत कशा उघडल्या, तो क्रम बघा. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट, सगळं पुन्हा बंद. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी. आणि पहिली ते चौथी? १ डिसेंबर २०२१. म्हणजे बाळ्या पहिलीच्या वर्गात एक दिवसही बसला नाही, थेट दुसरीत जाऊन बसला. वर जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा काही दिवस सुट्टी.

या क्रमामागं विचार होता. मोठ्यांच्या बोर्डाच्या परीक्षा, छोट्यांना मास्क सांभाळता येत नाही, आईबापांची भीती. मी ते उडवून लावत नाही. पण कामावर जाणाऱ्या आईच्या बाजूनं बघितलं तर क्रम अगदी उलटा आहे. घरी एकटं राहू शकणारी सोळा वर्षांची पोरं आधी शाळेत गेली, आणि ज्याला एकटं सोडता येत नाही ते सहा वर्षांचं पोर सगळ्यात शेवटी.

उलट क्रम लावणारेही होते. डेन्मार्कनं १५ एप्रिल २०२० ला, म्हणजे बंद करून महिना होतो न होतो तोच, पाळणाघरं आणि धाकटे वर्ग आधी उघडले. मोठी मुलं घरी बसून शिकू शकतात, धाकट्यांचे आईबाप मात्र अडकून पडतात, असा साधा हिशेब. इंग्लंडनं २० मार्च २०२० नंतर शाळा बंद केल्या, पण सगळ्यांसाठी नाही. दवाखान्यात, अन्नपुरवठ्यात, वाहतुकीत काम करणाऱ्यांची यादी काढली आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा चालू ठेवल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खाटेवर उठून बसले होते. त्या यादीत माझी आई बसली असती. बाळ्या आणि आणखी चार-दोन पोरं गावच्या शाळेच्या एका खोलीत, लांब लांब बसून, एका सरांच्या नजरेखाली दिवस काढू शकली असती. ते देश श्रीमंत आहेत, मान्य. पण एक खोली आणि एक शिक्षक आमच्या गावातही होता. खोलीला कुलूप होतं आणि आमच्याकडच्या कितीतरी शिक्षकांना कोरोनाच्याच ड्यूट्या होत्या. कुणी चेकपोस्टवर, कुणी सर्वेक्षणात. त्यांच्यातही आईबाप होतेच.

बरं, मग कायदा काय म्हणतो? इथं थोडं कंटाळवाणं होईल, पण थांबा, गंमत आहे. काम करणाऱ्या बाईच्या लेकराचा विचार आपल्या कायद्यांनी केलेला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं, ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर हवं. कुणासाठी? सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं, कामावर आलेल्या बायकांसोबत पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुलं बघायला बसवा आणि तिलाही तीच मजुरी द्या. किती लहान मुलं? सहा वर्षांखालची. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी? सहा वर्षांपर्यंत. केंद्राची पाळणा योजना, ज्यात पाळणाघर दिवसाचे साडेसात तास चालावं असं धरलंय? सहा महिने ते सहा वर्षं.

सगळीकडं सहा. सहाव्या वर्षी काय होतं? २००९ चा शिक्षण हक्क कायदा सुरू होतो. सहा ते चौदा. आणि त्यात सांभाळायचा विषयच नाही, फक्त शिक्षण. म्हणजे कायद्याच्या नजरेत पाच वर्षं अकरा महिन्यांच्या लेकराला कुणीतरी सांभाळायला लागतं. वाढदिवस झाला की नाही लागत. त्या दिवसापासून ते विद्यार्थी. शाळा चालू आहे तोवर ही फट दिसत नाही, कारण शाळा न बोलता ती झाकून टाकते. कुलूप लागलं की उघडी.

आणि कुलूप तर दरवर्षीच लागतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे कामाचे दिवस किमान २०० सांगितलेत, सहावी ते आठवीला २२०. आता ३६५ मधून २०० वजा करा. उरले १६५. मोंढ्यातल्या मापाडीला वर्षात किती सुट्ट्या असतात? रोजानं जाणाऱ्या बाईला तर सुट्टी म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. आमच्याकडं उन्हाळ्यात सकाळची शाळा असते. ऊन कडक म्हणून पोरं दुपारच्या आत घरी, बरोबरच आहे. पण रानात गेलेली आई दुपारच्या आत घरी नसते. २०२४ मध्ये निर्णय झाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. झोपेच्या बाजूनं तोही बरोबर. आता ज्या बाईला सातला रानात जाणाऱ्या टमटममध्ये बसायचंय, तिनं सात ते नऊ पोरगं कुणाच्या ओट्यावर ठेवायचं?

त्याशिवाय अचानकचे बंद. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला, १४ ते २० तारखेपर्यंत, त्यात शिक्षकही होते. ऐन ज्वारीच्या काढणीत शाळा बंद. मग ४ डिसेंबर २०२३ पासून अंगणवाडी सेविका-मदतनिसांचा संप, तो पुढच्या वर्षीच्या जानेवारी अखेरीपर्यंत चालला. दीड महिन्याच्या वर अंगणवाडीला कुलूप. त्यांच्यावर मी बोट ठेवत नाहीये. सेविकेला महिन्याला १०,००० आणि मदतनिसाला ५,५०० रुपये मिळत होते, आणि त्यातल्या बहुतेकींच्या स्वतःच्याच घरी लेकरं. माझ्या आईसारख्या आशाही जून २०२१ मध्ये संपावर गेल्या होत्या. दुसऱ्यांची लेकरं सांभाळणाऱ्या बाईला तिचं घर चालेल एवढं द्यायचं नाही, आणि ती थांबली की "मुलांचे हाल" म्हणून बातमी करायची, हे मला पटत नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं आपल्या जिल्ह्याचं काय केलं ते तुम्ही बघितलंय. अशा दिवसांत शाळेला सुट्टी मिळते, पण आशा, नर्स, लाईनमन यांना त्याच दिवशी जास्त काम असतं.

आता ऊसतोडीकडं येते, कारण आमच्या तालुक्यात बोलायचं आणि कोयता सोडून बोलायचं, हे होत नाही. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळा चालू, आईबाप गावात नाहीत, म्हणजे इथं प्रश्न उलटा होतो. मूल सोबत नेलं तर शाळा सुटते, ठेवलं तर सांभाळायला कुणी नाही. यासाठी हंगामी वसतिगृह निघालं. हंगामाचे सहा महिने पोरं गावातच राहणार, जेवणार, शाळेत जाणार. मला ही कल्पना फार महत्त्वाची वाटते, कारण सहा वर्षांवरच्या मुलालाही सांभाळ लागतो हे सरकारनं कागदावर मान्य केलेली ती एक जागा आहे. चालतं कसं, त्याच्या तक्रारी गावागावात ऐकायला मिळतात, तो वेगळा एपिसोड होईल.

मार्च २०२० मध्ये तर हजारो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवरच अडकले. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं गावी परतायला परवानगी दिली. तोवर कुणाचं लेकरू कोपीवर, कुणाचं गावात आज्जीकडं, मध्ये दोन-तीन जिल्ह्यांच्या बंद सीमा. आमच्या गावातली एक पोरगी, माझ्याच वयाची, त्या महिनाभरात दोन धाकट्या भावांची आई झाली आणि नंतर शाळेत परत आलीच नाही. नाव सांगत नाही. तिचं लग्न झालंय, ती हा एपिसोड ऐकेल कदाचित.

हे "ताईनं सांभाळायचं" प्रकरण कोरोनानं आणलेलं नाही. पार जुनं आहे. आणि ते आपल्याच महाराष्ट्रातल्या एका बाईनं पार जुन्या काळीच ओळखलं होतं. ताराबाई मोडक. अंगणवाडी हा शब्द ऐकला की मला त्या आठवतात. १९४५ मध्ये त्यांनी समुद्राकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढं ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांमध्ये. पोरं शाळेत येईनात. का येत नाहीत, तर मुली घरी धाकटी भावंडं सांभाळतात आणि मुलगे गुरं राखतात. आता यावर साधारण काय करतात? आईबापांना समजावतात, शिक्षणाचं महत्त्व सांगतात, फेरी काढतात. ताराबाईंनी वेगळं केलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. ताईनं कडेवरचं भावंडं घेऊनच शाळेत यायचं. ते पाळण्यात, ती वर्गात. त्याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. आणि गुरं राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा.

मला यातलं काय आवडलं सांगू? आई कामाला जाते म्हणून तिला त्यांनी दोष दिला नाही, आणि पोरगी भाऊ सांभाळते म्हणून तिलाही नाही. तो सांभाळ कुठंतरी ठेवायला जागा नाही हे त्यांनी ओळखलं आणि जागा केली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. अंगणवाडी देशभर झाली. पण बाळ आणि ताई एकाच आवारात, ही जी गोम होती, ती वाटेत कुठंतरी गळाली. आमच्याकडं अंगणवाडी काही तासांत सुटते आणि शाळा संध्याकाळी. मधले तास ताईचे.

"मग करायचं काय?" हा प्रश्न मला एपिसोड लिहिताना आईनंच विचारला. मोठं उत्तर माझ्याकडं नाही. आमच्या गल्लीत काय झालं ते सांगते. मार्च २०२३ च्या संपात, ज्वारी पडून होती, मजूर मिळत नव्हते आणि पोरं मोकाट. पाच घरच्या बाया एका ओट्यावर बसल्या आणि ठरलं, रोज एकीनं घरी थांबायचं, सगळ्यांची मिळून नऊ पोरं तिच्याकडं. बाकी चौघींनी रानात जायचं आणि संध्याकाळी आपल्या रोजातून थोडं थोडं काढून थांबलेलीचा रोज भरायचा. त्यांच्यातल्या कुणीही रोजगार हमीचा कायदा वाचलेला नव्हता, पण केलं तेच. दुसऱ्या दिवशी भांडण झालं, एकीच्या पोरानं दुसरीच्या पोराला दगड मारला म्हणून. तिसऱ्या दिवशी मिटलं. कारण ज्वारी तशीच उभी होती.

दुसरं, तुमच्या कामाच्या दोन-तीन गोष्टी. तुमची आई किंवा बहीण राज्य सरकारी नोकरीत असेल तर २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे, सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. पुरुषालाही मिळते, पण बायको वारली असेल किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल तरच. (म्हणजे बायको धडधाकट असताना बाप मूल सांभाळू शकतो, हे अजून कागदाला सुचलेलं नाही.) आईला ही रजा नाही. आशा कागदावर स्वयंसेविका, आणि स्वयंसेविकेला रजा कशाची! २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. आता कळंबच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारा आणि ५० माणसं कामाला असलेलं दुकान शोधून दाखवा. कापड दुकानात काउंटरवर तीन पोरी असतात, बास.

तिसरी गोष्ट मला खरी उपयोगाची वाटते. प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. बैठकीत सहसा छताची गळती आणि पंधरा ऑगस्टचा खाऊ एवढंच निघतं. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातून बऱ्याचदा शिलाई मशीन येतं. शाळा सुटल्यावर दोन तास एक खोली उघडी ठेवायची, गावातल्याच एखाद्या बाईला किंवा बारावी झालेल्या पोरीला मानधन देऊन तिथं बसवायचं, एवढी मागणी तिथं करता येते. आमच्या गावात आईनं केली. एकदा हसण्यावारी नेली, दुसऱ्यांदा इतिवृत्तात लिहून घेतली. तिसरी बैठक अजून व्हायची आहे.

मी आता लातूरला शिकते, हॉस्टेलवर असते. आई अजून आशाच आहे, अप्पा मोंढ्यात. बाळ्या सहावीत. संध्याकाळी शाळेतून येतो तेव्हा घरी कुणी नसतं. किल्ली त्याच्या गळ्यात दोरीत असते, शर्टाच्या आत. दार उघडलं की तो घरातल्या जुन्या बटणाच्या फोनवरून मला एक मिस्ड कॉल देतो. उचलायचा नाही असं ठरलंय, दोनदा वाजला की समजायचं घरी पोचला. तिसऱ्यांदा वाजला तर उचलायचा.

आत्ता रेकॉर्डिंग करताना पाच वाजून वीस मिनिटं झालीत. अजून वाजलेला नाही. थांबा, एक मिनिट हं.

…वाजला. दोनदाच. बरं, तर तुमच्याही घरात तेव्हा दिवसभर लेकरू तुमच्याकडं असायचं का, मला व्हॉइस नोट पाठवा. आईकडूनही एक घ्या, तिची परवानगी घेऊन. पुढच्या एपिसोडमध्ये आपण त्याच ऐकू.